टायरच्या अंगावरचा आकडा

जीपचा पहिला टायर अंगाने काटकुळाच होता. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ६.००-१६ मापाचा टायर बसे: सहा इंच रुंदी, सोळा इंची रिम. उंचीचा आकड्यात पत्ताच नाही. ती २८-२९ इंच भरे, पण तिची चौकशी कोण करतो! नक्षी पुढेमागे सारखीच, म्हणजे रिव्हर्समध्येही तेवढीच पकड. अरुंद टायर चिखल कापत खालच्या घट्ट जमिनीला पाय टेकतो, म्हणून युद्धात त्याचं निभावलं. पुढे महिंद्रांनी माझगावला जीपा जोडायला घेतल्या, तेव्हा तोच टायर आपल्याकडे आला.

वाळूत मात्र हा गुण अंगाशी आला. कॅलिफोर्नियाच्या आणि मेक्सिकोतल्या बाजाच्या वाळवंटात खाली घट्ट जमीन लागतच नाही. कापत जाणारा टायर अॅक्सलपर्यंत रुततो. तिथे तरंगायला हवं. टायर रुंद असला आणि त्यातली हवा उतरवली, की जमिनीला टेकणारा तळ पसरतो आणि वजन वाटलं जातं. १९६०च्या दशकात डिक सेपेकसारखे वाळवंटवेडे दुकानदार असे टायर विकू लागले. मापाची मांडणीही पुढे पालटली: ३१×१०.५० आर १५. आधी उंची, मग रुंदी, शेवटी रिम. उंचीला पहिला मान, आणि तो रास्तच. अॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा दगडावर आपटू नये, तर त्याला उचलतो तो टायरच. पाटे उंच केले तर बॉडी वर जाते, गोळा जागच्या जागी. त्यातही टायर दोन इंच वाढवला तर गोळा वर येतो एकच इंच. हौशी मंडळी एवढं गणित सोयीस्करपणे विसरतात.

पण वाळवंट गाठायचं तर आधी डांबर तुडवायचं. आपण ज्याला नायलॉन टायर म्हणतो, तसला जाड गुटक्यांचा टायर हायवेवर घोंघावतो आणि गाडी सरळ धरू देत नाही. १९७६ साली बीएफगुडरिचने रेडियल बांधणीचा ‘ऑल-टेरेन टी/ए’ आणला आणि एकच टायर दोन्हीकडे चालू लागला. मोठा टायर रोजच्या गाडीला लावायची चटक लागली ती माझ्या मते इथून.

त्याची किंमत गिअर आणि ब्रेक मोजतात. चाक मोठं झालं, की इंजिनाला जड जातं आणि ब्रेकलाही. म्हणून जाणकार टायरसोबत क्राऊन-पिनियनही बदलतात. बाकीचे चढाला गिअर पाडत बसतात.

२०२०च्या महिंद्रा थारच्या अठरा इंची चाकांवरचा आकडा २५५/६५ आर १८. रुंदी मिलिमीटरमध्ये, रिम इंचांत आणि उंची पुन्हा गायब. रुंदीच्या ६५ टक्क्यांवरून ती आपण काढायची. हिशोब केला तर ३१ इंच येते. त्या जागी ३३ इंची चढवला, की चाक एका फेऱ्यात सहा टक्के जास्त पळतं, स्पीडोमीटरला मात्र त्याची खबर नसते. मूळचा काटा बिनचूक असेल, तर मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तो १०० दाखवत असताना गाडी १०६ने धावत असते. कॅमेरा काटा बघत नाही, चलान १०६चंच येतं.