अंगावरचे दूध आणि औषध

गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ छापून निघाला. ओर्ता १५३४ मध्ये इकडे आला आणि गोव्यातच राहिला. हिंदुस्थानी औषधद्रव्यांवरील त्याच्या संवादांत भांग आणि धोतरा यांप्रमाणेच अफूचाही विचार आहे; अफू खाणारे सदा पेंगुळलेले दिसतात, हे त्याने टिपून ठेवले आहे. ही पेंग आईपाशीच थांबते की तिच्या दुधावाटे बाळापर्यंत पोहोचते, हा प्रश्न मात्र त्याहूनही जुना होय.

आपल्या प्राचीन वैद्यकाला त्याचे मर्म कळले होते. दूधपित्या बाळाला आजार झाला तर औषध धात्रीलाही द्यावे, असे सुश्रुतसंहिता सांगते. दूध हे औषधाचे वाहन ठरते, हे त्यात गृहीतच आहे. आणि जे औषधाला वाहून नेते, ते विषालाही नेणारच.

डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले. पणजीस १८४२ साली वैद्यकीय विद्यालय निघाले, तरी या नव्या काबिजादींच्या खेड्यापाड्यांत बाळंतपण दीर्घकाळ वैजिणीच्या हाती राहिले. शेक, ओवा, काढा यांनी बाळंतिणीची जपणूक झाली, ही त्या परंपरेची पुण्याई. परंतु मशेरीची सवय आणि अंग दुखते म्हणून घेतलेला फेणीचा घोट यांचा हिशेब क्वचितच कोणी ठेवला. तिकडे मुंबईत गिरणीत राबणाऱ्या माता तान्ह्यांना निजवण्यासाठी अफूची बाळागोळी देत. विसाव्या शतकाच्या आरंभी ती गंभीर चिंतेची बाब झाली होती.

आजचे शास्त्र हा हिशेब मांडू शकते. औषध आईच्या रक्तातून दुधात झिरपते. रेणू लहान व स्निग्धविद्राव्य असेल तर अधिक. निकोटीनचे प्रमाण तर आईच्या रक्तापेक्षा दुधात जास्त आढळते. मद्य रक्तात जितके, तितकेच दुधात. रक्तातून उतरले की दुधातूनही उतरते. नवजाताचे यकृत व मूत्रपिंड अपक्व असल्याने पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक. अफूपासून मिळणाऱ्या कोडीनचे काही मातांच्या शरीरात झपाट्याने मॉर्फिन होते. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली स्तनदा मातांनी ते घेऊ नये असा इशारा दिला. ओर्ताने पाहिलेली पेंग साडेचारशे वर्षांनी पाळण्यात ओळखली गेली, ती अशी.

तथापि या भयापोटी दुसरा अनर्थ होतो. ताप आला, गोळी घेतली, म्हणून बाळाचे दूध तोडले जाते. किंवा दूध चालू राहावे म्हणून आई क्षयाचे औषधच सोडते. वस्तुतः पॅरासिटामोल, बहुतेक प्रतिजैविके आणि क्षयावरील प्रमुख औषधे अंगावर पाजताना चालतात. बाळाला दुधातून मिळणारी मात्रा आईच्या मात्रेच्या, वजनाच्या मानाने, दहा टक्क्यांहून कमी असेल तर ती सामान्यतः स्वीकार्य मानतात. मलेरियावरील प्रायमाक्वीन बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत टाळतात, कारण त्याच्या रक्तपेशींना धोका असतो.

म्हणून बाळंतिणीने वैद्याला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: बाळाचे वय, आणि आपण घेतो ते सर्व काही, काढा व मशेरी धरून. जुन्या वैद्यांनी आई व बाळ यांना एकाच उपचारात पाहिले. ती दृष्टी आजच्या तपासणीखोलीतही टिकली पाहिजे. नाहीतर एकाला वाचविताना दुसऱ्याचे नकळत नुकसान होते.