होडीची फळी अडकली? जोर लावण्याआधी कारण शोधा; घरी बांधलेल्या शिडाच्या होडीसाठी सेंटरबोर्डची संपूर्ण माहिती

सकाळी किनाऱ्यावरून मतलई वारा वाहत असतो. शीड उभारलं की होडी अलगद समुद्राकडे निघते. जाताना काहीच अडत नाही, अडतं ते परत येताना. वारा समोरून, आणि तळातली फळी अडकलेली. अशा वेळी शीड कितीही ओढलं तरी होडी पुढे जाण्याऐवजी आडवी सरकत खोल पाण्याकडे जाते. दुपारी खारा वारा सुटेपर्यंत ती कुठवर जाईल याचा नेम नाही. म्हणून फळी अडकणं ही नुसती कटकट नाही, जिवाशी गाठ आहे.

सेंटरबोर्ड म्हणजे काय?

जुन्या पद्धतीच्या लाकडी होडीला खाली लांब कणा असतो. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे होडी आडवी सरकत नाही. प्लायवूडच्या छोट्या होडीचा तळ मात्र सपाट आणि उथळ. तिला कण्याचं काम करायला एक फळी लागते. तळाला लांबट चीर असते, चिरीवर होडीच्या आत एक अरुंद उभी पेटी असते आणि त्या पेटीत फळी एका बोल्टवर फिरते. दोरी सोडली की फळी खाली पाण्यात उतरते, ओढली की वर पेटीत येते. हेच सेंटरबोर्ड.

फळी खाली असेल तरच होडी नागमोडी टप्पे घेत वाऱ्याच्या दिशेने वर चढू शकते. उथळ पाण्यात आणि किनाऱ्याला लागताना ती वर घ्यावी लागते.

कधी अडकते त्यावरून कारण ओळखा

- होडी वाळूवर टेकली होती, नंतर फळी उतरेना: चिरीत रेती, खडा किंवा शिंपल्याचा तुकडा बसलाय. सगळ्यात जास्त वेळा हेच कारण निघतं.
- घरी छान फिरत होती, दोन दिवस पाण्यात राहिल्यावर घट्ट झाली: लाकूड पाणी पिऊन फुगलं. बहुतेक वेळा फळीच्या कडा किंवा बोल्टचं भोक नीट बंद केलेलं नसतं.
- दर वेळी एकाच जागी थांबते: फळी वाकली आहे, पेटीत स्क्रूचं टोक आलंय किंवा दोरी फळी आणि पेटीच्या मधे गेलीय.
- बोल्ट आवळल्यापासून जड झाली: पाणी गळतंय म्हणून बोल्ट फार कसला की पेटीच्या दोन्ही बाजू आत दाबल्या जातात. बोल्ट थोडा सैल करून रबरी वॉशर बदलावा.
- उभ्या होडीत चालते, शीड भरलं की हलत नाही: हा बिघाड नाही. वाऱ्याच्या जोराने फळी पेटीच्या एका बाजूला दाबली जाते. शीड सैल सोडलं की सुटते.
- लोखंडी पत्र्याची फळी हळूहळू जड होत गेली: गंजाचे पापुद्रे सुटून जाडी वाढते.

पाण्यात असताना काय करायचं?

१. आधी शिडाची दोरी सोडा आणि होडीचं तोंड वाऱ्याकडे करा. दाब गेला की निम्म्या वेळा फळी आपोआप मोकळी होते.

२. होडी हळू डावी-उजवी हलवत दोरी थोडी ओढा, थोडी सोडा. एकदम झटका देऊ नका, खडा आणखी घट्ट बसतो.

३. पेटीचं तोंड वरून उघडं असेल तर बांबूची पातळ कामटी फळीच्या बाजूने खाली सरकवा. अशी एक कामटी होडीत कायम बांधून ठेवावी. पेचकस ठोकू नका, प्लायचे थर सुटतात.

४. तरीही फळी उतरली नाही आणि वारा बाहेर ढकलत असेल तर वेळ घालवू नका. पाणी उथळ आहे तोवर नांगर टाका, शीड उतरवा आणि वल्ह्याने परत या. वल्हवूनही होडी मागेच जात असेल तर नांगरावरच थांबा आणि मदत मागा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, आपत्कालीन क्रमांक ११२.

उलट फळी खालीच अडकली असेल तर लाटांमध्ये घुसू नका. तळ लागला की होडी कलंडते. शांत पाण्यात शीड उतरवून कमरेएवढ्या पाण्यात उतरा. होडी आणि किनारा यांच्या मधे उभं राहू नये. लाट आली की भरलेली होडी अंगावर येते.

सावधान: चिरीत किंवा पेटीत बोटं घालू नका. होडीखाली बुडी मारून फळी ओढू नका. अडकलेली फळी, त्यातही लोखंडी, सुटते तेव्हा एकदम खाली येते. बोट तुटू शकतं.

किनाऱ्यावर दुरुस्ती

डोलकाठी उतरवून होडी जुन्या टायरवर किंवा सोडणाने भरलेल्या पोत्यांवर आडवी करा. कामटीने आणि गोड्या पाण्याने चीर साफ करा. त्यानंतर बोल्ट काढून फळी बाहेर घ्या.

फळी आणि पेटी यांच्यात दोन्ही बाजूंना साधारण ३ मिमी मोकळी जागा हवी. म्हणजे १८ मिमीची फळी असेल तर पेटी आतून २४ मिमीच्या आसपास. त्या मापाची लाकडी पट्टी करून पेटीत सगळीकडे फिरवा, कुठे अडते ते लगेच कळेल. जागा कमी असेल तर पेटी फोडू नका. फळी घासून पातळ करणं सोपं.

फुगलेली फळी सावलीत, सपाट जागी, पूर्ण वाळू द्या. ओल्या लाकडावर इपॉक्सी धरत नाही. वाळल्यावर घासा आणि चारही कडांसकट इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. बोल्टचं भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरावं आणि मग त्यात बोल्टच्या मापाचं नवं भोक पाडावं. असं केलं की पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. नवी फळी करायची असेल तर ७१० क्रमांकाच्या आयएसआय मानकाचं मरीन प्लाय घ्यावं. बोल्ट स्टेनलेस स्टीलचा असावा.

ग्रीस किंवा तेल लावू नका, त्याला रेती चिकटते. त्याऐवजी फळीवर मेणबत्ती घासा.

पुन्हा अडकू नये म्हणून

- होडी लाटांच्या फेसात टेकवून ठेवू नका. तिथेच खडे चिरीत ढकलले जातात. वाळूवरून ओढण्यापेक्षा चौघांनी उचलावी.
- चिरीच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी जुन्या ट्यूबची रबरी पट्टी लावा. पट्टी दुमडून आत जात नाही ना, हे अधूनमधून पाहा.
- फळीच्या खालच्या मागच्या कोपऱ्यात छोटं भोक पाडून दोरीचा फास ठेवा. फळी वर अडकली तर किनाऱ्यावर होडी आडवी करून फासाला धरून बाहेर ओढता येते.
- खाऱ्या पाण्यातून आल्यावर पेटीत वरून दोन बादल्या गोडं पाणी ओता.
- पावसाळ्यात फळी काढून घरात आडवी ठेवा. भिंतीला टेकवली तर वाकते.

निघण्याआधी एवढं कराच

होडी पाण्यात ढकलल्यावर, मांडीएवढ्या पाण्यात असतानाच, फळी पूर्ण खाली सोडा आणि पूर्ण वर घ्या. दोनदा. अर्धा मिनिटही लागत नाही. फळी जरा जरी अडली तर त्या दिवशी शीड उभारू नये. लाइफ जॅकेट, वल्ही, नांगर आणि कामटी होडीत आहेत का, ते पाहावं. कुठे चाललोय आणि किती वाजता परत येणार, हे घरी सांगूनच निघावं.