३५० किलोवॅट जातात कुठे?

जर्मनीतील ए-६१ महामार्गावर ब्रोलताल येथे २०१८ साली विजेच्या मोटारींसाठी एक चार्जिंग केंद्र सुरू झाले. युरोपातील काही मोटार कंपन्यांनी फोर्डसह आदल्या वर्षी स्थापन केलेल्या 'आयोनिटी' या जाळ्याचे हे पहिले केंद्र. तेथील यंत्रांची क्षमता ३५० किलोवॅट होती. गंमत म्हणजे एवढी शक्ती घेऊ शकेल अशी एकही मोटार तेव्हा बाजारात नव्हती!

मग हा आकडा आला कुठून? शक्ती म्हणजे विद्युतदाब गुणिले विद्युतप्रवाह, हे आपण वर्गात शिकवतोच. प्रवाह दुप्पट केला तर तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. त्यामुळे आत द्रव खेळवून थंड ठेवलेल्या केबलमधूनही सुमारे ५०० अँपिअरच नेता येतात. ४०० व्होल्टच्या बॅटरीला त्यातून २०० किलोवॅट मिळतील. ३५० हवे असतील, तर बॅटरी ८०० व्होल्टच्या आसपासची हवी. म्हणजे हा आकडा केबल किती देऊ शकेल ते सांगतो. बॅटरी किती घेऊ शकेल, हा प्रश्न वेगळा आणि बराच जुना आहे.

शिसे-आम्ल घट प्लांते यांनी १८५९ साली बनवला. १८९९ मध्ये कामिय जेनात्झी यांनी विजेची मोटार ताशी १०० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने पळवली. वेगाचा प्रश्न असा सुटला, पण बॅटरी पुन्हा भरायला मात्र तासन्‌तास लागत. न्यूयॉर्कच्या विजेच्या टॅक्सींमध्ये तर रिकामी बॅटरी काढून सरळ दुसरी भरलेली बसवत. घाई केली तर काय बिघडते? पट्ट्यांवरचे बहुतेक शिशाचे सल्फेट पालटून झाले, की जादा प्रवाह पाण्याचे विघटन करू लागतो. हायड्रोजन व ऑक्सिजनचे बुडबुडे येतात, घट तापतो, पट्ट्या झिजतात.

वुडब्रिज या अमेरिकी अभियंत्याने १९३५ मध्ये यावर एक सोपा नियम मांडला: घटात जेवढे अँपिअर-तास भरायचे उरले असतील, त्यापेक्षा अँपिअरचा आकडा मोठा होऊ देऊ नये. १०० अँपिअर-तास उरले असतील तर १०० अँपिअर, ४० उरले तर ४०. विद्यार्थ्यांकडून याचा आलेख जरूर काढून घ्यावा. तो किरणोत्सारी ऱ्हासासारखाच येतो. रिकामा घट पहिल्या तासात ६३ टक्के भरतो, दुसऱ्या तासाअखेर ८६ आणि तिसऱ्याअखेर ९५.

१९९१ पासून बाजारात आलेल्या लिथियम-आयन घटात पाणी नाही, म्हणून ते बुडबुडेही नाहीत. पण अडचण आहेच. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. रिकाम्या एस.टी.त पहिल्या प्रवाशांना लगेच जागा मिळते. गाडी भरत आली की प्रत्येकाला आत सरकायला वेळ लागतो. तरीही मागून रेटा दिला, तर माणसे दारातच अडकतात. घटातही तसेच होते. आत जागा न मिळालेले लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचते. त्याने घटाची धारकता घटते आणि आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोकाही संभवतो. थंडीत आयनांची हालचाल मंदावत असल्याने ही भीती अधिक. म्हणून बॅटरीचे नियंत्रक मंडल स्वतःच प्रवाह कमी करत जाते. यंत्रावर कितीही मोठा आकडा असो.

२०१९ साली पोर्शची ८०० व्होल्टची 'टायकान' आली. तिची कमाल मर्यादा २७० किलोवॅट, आणि ५ ते ८० टक्के भरायला २२.५ मिनिटे, असे कंपनीने सांगितले. तिच्या मोठ्या बॅटरीत वापरता येण्याजोगी ऊर्जा सुमारे ८४ किलोवॅट-तास. त्याचे ७५ टक्के म्हणजे ६३. भागिले ०.३७५ तास: सरासरी १६८ किलोवॅट! यंत्रावरच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. जाहिरातीत वेळ ८० टक्क्यांपर्यंतचाच का देतात, हेही यावरून कळावे.

तरी तुलना करून पाहा. वुडब्रिजच्या नियमाने भरणाऱ्या घटाला ५ पासून ८० टक्क्यांपर्यंत जायला सुमारे ९३ मिनिटे लागली असती.