उघडी मूठ

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण लहानपणी मी आजीच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की, घरातले उणे चारचौघांत बोलू नये, हा मला धर्मच वाटे. पुढे इतिहास वाचू लागलो, तेव्हा या म्हणीलाही अपवाद आहे हे ध्यानात आले.

१८५१ साली लंडनला महाप्रदर्शन भरले. त्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपकाराने तेथील नामांकित कुलपे किल्लीवाचून उघडून दाखवली. ब्रामाच्या कुलपाला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले; पण ते उघडले खरे! असे दोष जाहीर केल्याने चोरांचे फावेल, अशी ओरड झाली. हॉब्जचे म्हणणे असे की, चोरांना ते आधीच ठाऊक असतात. अंधारात राहतो तो घरमालक.

संगणक आले आणि हाच वाद पुन्हा उभा राहिला. सॉफ्टवेअर लिहिताना कोठे तरी चूक राहते आणि त्या फटीतून परका आत शिरतो. अशा फटींच्या याद्या पुष्कळ होत्या. पण एकाच फटीला दहा ठिकाणी दहा नावे. शेतांना सर्व्हे नंबर नसते, तर तलाठ्याची जी गत झाली असती, तीच संगणकाच्या राखणदारांची झाली.

जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेतील मायटर संस्थेच्या डेव्हिड मॅन व स्टीव्हन क्रिस्टी यांनी उपाय सुचवला: प्रत्येक फटीला एकच क्रमांक द्यावा आणि वही सर्वांना खुली ठेवावी. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२१ नोंदींची 'सीव्हीई' यादी प्रसिद्ध झाली. आज तीत अडीच लाखांहून अधिक नोंदी आहेत. निर्मात्याला दुरुस्तीसाठी सवड द्यावी आणि मग दोष उघड करावा, असा प्रघातही पडला. २०१४ साली 'हार्टब्लीड' या दोषाने असंख्य संकेतस्थळांची गुपिते धोक्यात आली, तेव्हा २०१४-०१६० एवढा आकडा उच्चारताच पुण्याच्या व पॅरिसच्या राखणदारांना एकच फट कळे. भारत सरकारची सर्ट-इन ही संस्थाही २०२१ पासून असे क्रमांक देऊ लागली.

या वहीचा खर्च मात्र एकट्या अमेरिकी सरकारच्या तिजोरीतून चाले. तो करार १६ एप्रिल २०२५ रोजी संपणार, हे आदल्या दिवशी बाहेर फुटले आणि जगभर धावपळ उडाली. ऐनवेळी ११ महिन्यांची मुदतवाढ मिळाली. पुढच्याच महिन्यात युरोपने आपली निराळी वही उघडली.

आजीची म्हण खोटी नव्हे. ती घरच्या अब्रूपुरती होती. परंतु ज्या भिंतीआड शेजाऱ्यांचीही पुंजी आहे, तिची भेग झाकणे शहाणपणाचे नव्हे. आणि जी वही सर्वांच्या कामाची, तिचा भार एकाच तिजोरीवर टाकून स्वस्थ झोपणे, हेही नव्हे.