शंभर पौंडांची जाहिरात

बाजारात बसणाऱ्याने आपल्या मालाची स्तुती करावी, ही रीत बाजाराइतकीच जुनी आहे. बोलणाऱ्याची बोरे विकतात, हा अनुभव सर्वत्र सारखाच. आंबा साखरेसारखा गोड आहे असे विक्रेता सांगतो, तेव्हा गिऱ्हाईक ते शब्दशः खरे मानीत नाही. ते आंबा हाती घेते, हुंगते, दाबून पाहते आणि मग भाव पाडून मागते. ह्या व्यवहारातील अतिशयोक्ती उभय पक्षांना ठाऊक असते, म्हणून तिच्यापायी सहसा कोणी बुडत नाही. परंतु छापखाना आला, वर्तमानपत्रे निघाली आणि विकणारा व घेणारा एकमेकांच्या दृष्टीआड झाले. शेकडो मैलांवरच्या माणसाने केवळ छापील शब्दांवर विसंबून पैसे मोजावे, असा व्यवहार सुरू झाला. तेव्हापासून जाहिरातीतील अतिशयोक्ती कोठवर चालवून घ्यावी, हा प्रश्न केवळ अभिरुचीचा न राहता न्यायाचा झाला. ह्या प्रश्नाच्या इतिहासातील एक अत्यंत बोधप्रद प्रकरण लंडनमध्ये एका रबरी चेंडूवरून उद्भवले.

१८८९ च्या अखेरीस रशियाकडून पश्चिमेकडे इन्फ्लुएंझाची मोठी साथ पसरली आणि पुढील दोन-तीन वर्षे तिच्या लाटा इंग्लंडवर येत राहिल्या. रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने एक जंतू हेच रोगाचे मूळ असल्याचे जाहीर केले. पण तो समज चुकीचा ठरला. मनुष्याला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा खरा विषाणू हाती लागण्यास १९३३ साल उजाडावे लागले. साथीने गरीब-श्रीमंत असा भेद ठेवला नाही. १४ जानेवारी १८९२ रोजी व्हिक्टोरिया राणीचा नातू राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर ह्याच आजाराने दगावला. जेथे राजवाड्यातील वैद्यांचाही इलाज चालला नाही, तेथे सामान्य माणसाने वर्तमानपत्रातील जाहिरातीकडे आशेने पाहिले, तर त्यात नवल ते काय?

अशा वेळी फ्रेडरिक ऑगस्टस रो नावाच्या उद्योजकाने ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ नावाची वस्तू बाजारात मांडली होती. रबराचा एक पोकळ चेंडू, त्याला जोडलेली एक नळी आणि चेंडूत कार्बोलिक अॅसिडमिश्रित भुकटी, असे तिचे स्वरूप. नळी नाकपुडीशी धरून चेंडू दाबला की भुकटीचा धूर नाकात शिरे, नाक वाहू लागे आणि रोग बाहेर पडत असल्याचे समाधान वाटे. कार्बोलिक अॅसिडच्या नावाला त्या काळी मोठे वजन होते. जोसेफ लिस्टर ह्या शस्त्रवैद्याने १८६७ मध्ये त्याच द्रव्याच्या साहाय्याने जखमा चिघळण्याचे थांबवून दाखवले होते. शास्त्राने एका कामी मिळवलेली प्रतिष्ठा दुसऱ्याच कामी उसनी घ्यावयाची, ही जाहिरातीची युक्ती येथे स्पष्ट दिसते.

१३ नोव्हेंबर १८९१ रोजी ‘पॉल मॉल गॅझेट’ ह्या पत्रात कंपनीची जाहिरात आली. छापील सूचनांप्रमाणे दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे चेंडू वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा किंवा पडसे होईल, त्याला शंभर पौंड देण्यात येतील, असे तीत म्हटले होते. एवढेच नव्हे, तर आपल्या सचोटीची खूण म्हणून रीजंट स्ट्रीटवरील अलायन्स बँकेत एक हजार पौंड ठेवले असल्याचेही कंपनीने कळवले. चेंडूची किंमत होती दहा शिलिंग. म्हणजे किमतीच्या दोनशेपट बक्षीस!

लुइसा एलिझाबेथ कार्लिल नावाच्या गृहिणीने ही जाहिरात वाचली. २० नोव्हेंबरला तिने चेंडू विकत घेतला आणि दिवसातून तीनदा, नेमाने, तो वापरीत राहिली. कंपनीने दोन आठवडे सांगितले होते. तिने जवळजवळ दोन महिने व्रत पाळावे तसा हा नेम पाळला. १७ जानेवारी १८९२ रोजी, राजपुत्राच्या निधनानंतर तिसऱ्या दिवशी, तिला इन्फ्लुएंझा झाला.

तिचा पती व्यवसायाने सॉलिसिटर होता. त्याने कंपनीला पत्रे लिहिली. प्रथम उत्तरच आले नाही. पुढे आले ते असे, की लबाडीचे दावे टाळण्यासाठी अर्जदाराने कंपनीच्या कचेरीत येऊन देखरेखीखाली चेंडू वापरला पाहिजे. जाहिरातीत ह्या अटीचा मागमूसही नव्हता. प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयात कंपनीच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत हर्बर्ट अॅस्क्विथ होते. १९०८ मध्ये ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले. तेथे न्यायमूर्ती हॉकिन्स ह्यांनी बाईंच्या बाजूने निकाल दिला आणि कंपनीने अपील केले.

कंपनीचा बचाव मोठा मनोरंजक होता. जाहिरात ही निव्वळ फुशारकी असते, सुज्ञ माणूस ती गंभीरपणे घेत नाही. साऱ्या जगाशी कोणी करार करीत नसते. बाईंनी आपला होकार कधी कळवला नाही. शिवाय ही तर एक प्रकारची पैज झाली. थोडक्यात सांगावयाचे, तर ज्या शब्दांवर विश्वास ठेवून लोकांनी चेंडू घ्यावे अशी कंपनीची इच्छा होती, त्याच शब्दांवर कोणी विश्वास ठेवू नये, असे तिचे न्यायालयात म्हणणे होते.

लिंडली, बोवेन आणि ए. एल. स्मिथ ह्या तीन न्यायमूर्तींनी ७ डिसेंबर १८९२ रोजी अपील फेटाळले. बँकेत हजार पौंड ठेवल्याचे सांगणारा माणूस थट्टा करीत नसतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. हरवलेला कुत्रा आणून देणाऱ्यास बक्षीस लावले, तर प्रत्येक शोधकाने आधी पत्र लिहून संमती कळवावी, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. शोधून आणणे हीच संमती, असे बोवेन ह्यांनी दाखवून दिले. त्याचप्रमाणे चेंडू सूचनांबरहुकूम वापरणे हाच प्रस्तावाचा स्वीकार होय. नाकात तिखट धूर घेण्याचा त्रास सोसला, हा बाईंनी दिलेला मोबदला होय. शंभर पौंड बाईंना मिळाले.

हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांस आजही पढवला जातो. तथापि त्याची मर्यादा ध्यानात घेणे अगत्याचे आहे. चेंडूने रोग टळतो की नाही, हा प्रश्न न्यायालयाने सोडवला नाही. दिलेले वचन पाळले गेले की नाही, एवढेच त्याने पाहिले. आमचा चेंडू जगात सर्वोत्तम, एवढेच म्हणून कंपनी थांबली असती, तर बाईंच्या हाती काहीही लागले नसते. वचनाला कायद्याने बांधले. स्तुती मोकळीच राहिली.

ह्याचा प्रत्यय लवकरच आला. १८९३ च्या आरंभी कंपनीने नवी जाहिरात दिली. बक्षीस आता दोनशे पौंडांचे होते. मात्र त्याभोवती अटींचे कुंपण घातलेले होते. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की पूर्वीच्या जाहिरातीनंतर हजारो चेंडू खपले, पण बक्षीस मागण्यास तिघेच आले, यावरून औषधाचा गुण निर्विवाद सिद्ध होतो, असे तीत प्रतिपादन होते. न्यायालयातील पराभवाचेही कंपनीने प्रशस्तिपत्र बनवले. बक्षिसाची जाहिरात ज्यांनी पाहिली नसेल, ज्यांना पावती वा साक्षीदार मिळाला नसेल, ज्यांच्या घरी सॉलिसिटर नसेल, अशांचा हिशेब तीत अर्थातच नव्हता.

तेव्हा पुढची पायरी म्हणजे वचनाबरोबरच सत्याचीही परीक्षा करणे. ती चढण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. तेथे बाटलीबंद गुप्त औषधांचा सुळसुळाट होता. सॅम्युएल हॉपकिन्स अॅडम्स ह्या पत्रकाराने १९०५ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात लेखमाला लिहून त्यांचे पितळ उघडे पाडले आणि १९०६ मध्ये अन्न व औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला. परंतु १९११ मध्ये कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या एका औषधाचे प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा बहुमताने असा निर्णय झाला, की औषधात काय आहे ह्याविषयी खोटे सांगणे गुन्हा होय, पण ते काय करते ह्याविषयीच्या विधानांना हा कायदा लागू होत नाही. रोग्याला तर नेमकी त्याचीच चाड! पुढच्याच वर्षी विधिमंडळाने दुरुस्ती करून ही फट बुजवू पाहिली. मात्र विक्रेत्याचा हेतू फसवणुकीचा होता, हे सिद्ध करण्याची अट राहिली. स्वतःच्या औषधावर ज्याची भाबडी श्रद्धा असे, किंवा तशी श्रद्धा असल्याचे जो सोंग आणी, तो तीमधून निसटे. १९३८ च्या दुरुस्तीने फेडरल ट्रेड कमिशनला ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्याचा स्पष्ट अधिकार मिळाला.

ह्या अधिकाराचा एक स्मरणीय वापर पुन्हा पडशावरूनच झाला. लिस्टरिन हे तोंड धुण्याचे औषध पडसे व घसादुखी टाळते, असे त्याच्या जाहिराती १९२१ पासून सांगत आल्या होत्या. त्या औषधाला नाव होते त्याच लिस्टरचे, ज्याच्या कार्बोलिक अॅसिडची पुण्याई पूर्वी चेंडूच्या कामी आली होती. १९७५ मध्ये कमिशनने हा दावा असत्य ठरवला. पुढील सुमारे एक कोटी डॉलरांच्या जाहिरातींत, ह्या औषधाने पडसे टळत नाही, असे कंपनीने स्वतःच सांगावे, असाही आदेश दिला. १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो मूलतः कायम केला. त्यामागील विचार दूरदर्शी आहे. पन्नास वर्षे कानी पडलेली गोष्ट जाहिरात बंद केल्याने मनातून पुसली जात नाही; ती ज्याने पेरली, त्यानेच उपटली पाहिजे.

भारतापुरते पाहिले, तर वचनाचा प्रश्न कार्लिल प्रकरणापूर्वीच सुटलेला दिसतो. प्रस्तावातील अटी पार पाडणे म्हणजेच स्वीकार, हे तत्त्व १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या आठव्या कलमात आहे. हरवलेल्या मुलाचा शोध लावणाऱ्यास पाचशे रुपये देण्याचे पत्रक एका पित्याने काढले होते. मुलगा शोधून देणाऱ्याचा त्या रकमेवर हक्क असल्याचे अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९२५ मध्ये मान्य केले. परंतु रोग्याच्या असहायतेवर चालणाऱ्या जाहिरातींना आळा घालणारा खास कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये झाला. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार अशा रोगांची यादी देऊन, त्यांवरील उपायांची लोकांत जाहिरात करण्यासच त्याने मनाई केली. मंत्र, ताईत आणि तोडगे हेही त्याच्या कक्षेत आले. हमदर्द दवाखान्याने व इतरांनी ह्या कायद्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये त्यातील काही तरतुदी रद्द केल्या. पण अशा औषधांची जाहिरात हा व्यापाराचा भाग आहे, घटनेने रक्षिलेले विचारस्वातंत्र्य नव्हे, हा मुख्य मुद्दा उचलून धरला. पुढे १९८५ मध्ये मुंबईत जाहिरात व्यवसायानेच आत्मनियमनासाठी संस्था उभी केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने खोटे वर्णन आणि खोटी हमी ह्यांच्याबरोबरच महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपवणे हीदेखील दिशाभूल मानली. दंडाची मर्यादा दहा लाख रुपये, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाख. विधानातील असत्यापाशी न थांबता कायदा येथे मौनातील असत्यापर्यंत पोचला.

जाहिरात वस्तूचे गुण फुगवून सांगते काय, असे विचारल्यास सव्वाशे वर्षांच्या ह्या इतिहासाचे उत्तर होकारार्थीच आहे. पण त्याबरोबर तो एक मापही हाती देतो. जी गोष्ट घेणाऱ्याला स्वतः पारखता येते, तिच्याविषयीची अतिशयोक्ती समाज हसून सोडून देतो, आणि आंबेवाल्यावर कोणी फिर्याद करीत नाही. जी पारखणे त्याच्या आवाक्याबाहेर असते, तिच्याविषयी तीच अतिशयोक्ती फसवणूक ठरते. आजारी माणसापाशी तुलना करण्यास दुसरा देह नसतो आणि वाट पाहण्यास वेळ नसतो. म्हणूनच ह्या विषयावरील कायदा प्रत्येक वळणावर औषधांपासून सुरू झाला आणि मागाहून इतर वस्तूंकडे वळला.

कार्लिलबाई पुढे दीर्घायुषी झाल्या. १९४२ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्या निवर्तल्या. मृत्यूचे मुख्य कारण वार्धक्य असल्याचे नोंदले गेले. त्याच्या जोडीला दुसरे कारण लिहिले होते, इन्फ्लुएंझा.