पत्रिका, रिसाला आणि मासिक

भोपाळच्या आनंद नगरात ‘पत्रिका आली का?’ असं विचारलं, तर उत्तर देणारा कोण, यावर सगळं अवलंबून. रायसेन रोडवरचा पेपरवाला त्या नावाचं हिंदी दैनिक पुढे करील, हिंदीभाषक शेजारी मासिक समजतील आणि घरातली काकू विचारील, ‘अगंबाई, कुणाचं लग्न?’ मराठीनं पत्रिका लग्नाला नि कुंडलीला देऊन टाकली. याच शहरातून ‘साक्षात्कार’ नावाची हिंदी साहित्यपत्रिका निघाली. हिंदीत साक्षात्कार म्हणजे मुलाखतही. आपल्याला मात्र आधी पांडुरंगच दिसतो.

जुन्या भोपाळची उर्दू आणखी गंमत करते. तिच्यात मासिकाला ‘रिसाला’ म्हणतात. आपल्याकडे रिसाला म्हणजे घोडदळ. अरबीत मूळ अर्थ निरोप, पत्र. म्हणजे हिंदी-उर्दू दोघींनी आपापला शब्द टपालातून उचलला. इंग्रजांनी कोठारातून. ‘मॅगझिन’च्या मुळाशी अरबी ‘मखजन’, साठवणीची जागा. आपला खजिना त्याच धातूचा. लंडनच्या १७३१च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं दारूगोळ्याच्या कोठाराचा हा शब्द नियतकालिकाला लावला.

मराठीनं मात्र पंचांग धरलं. ‘मासिक’ हे मुळात विशेषण. ‘विविधज्ञानविस्तार’ (१८६७) किंवा ‘निबंधमाला’ (१८७४) ही ‘मासिक पुस्तकं’ होती. पुढे पुस्तक गळालं आणि विशेषणच नाम होऊन बसलं. (श्राद्धाचं मासिक त्याहून जुनं, पण ते संपादकांसमोर काढू नये.) नावातच मुदत असल्यामुळे पंचाईत अशी, की हिंदीतली पत्रिका सहा महिन्यांनी आली तरी पत्रिकाच राहते, आपलं मासिक एक महिना चुकलं की नावाला बट्टा. साठच्या दशकात ‘असो’, ‘वाचा’ यांसारखी बंडखोर प्रकाशनं निघाली. इंग्रजीत असल्यांना नुसतं ‘लिटल’ म्हणून भागलं. मराठीत ‘लघु’वर भागेना, ‘अनियतकालिक’ही जोडावं लागलं. बंड करायचं तेही तारखेशी!

आता तारखाच ढासळल्यात. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं १९०९मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हा तो वर्षातल्या बारांपैकी एक होता. ‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद पडली, साप्ताहिक ‘मौज’ही थांबलं, ‘मौज’चा दिवाळी अंक मात्र निघत राहिला. आज कित्येक दिवाळी अंकांच्या मागे मासिकच नसतं. अंक आहे, पण कशाचा, हे विचारायचं नाही. महाराष्ट्राबाहेरच्या घरांत तर मराठी मासिक म्हणजे बहुधा दिवाळीत आलेलं ते एक पार्सल. मला यात ऱ्हासापेक्षा वाचकाचा व्यवहार दिसतो: दरमहा वाट पाहायची त्याची सवय मोडली, हौस नाही.

खरी पडझड मला ‘वर्गणीदार’ या शब्दात वाटते. वर्गणी ही किंमत नव्हे, वाटा. गणपतीला देतो तीच. म्हणून वर्गणीदार हक्कानं संपादकाला खरमरीत पत्र धाडायचा. फोनवर हल्ली जो तो ‘सबस्क्राइब करा’ म्हणतो. त्यात खिशातून काही जात नाही आणि अंक उशिरा आला म्हणून कुणी भांडतही नाही.