जुन्या मोटारीचं मोल

नव्या मोटारीची किंमत कंपनी ठरवते. आपण फार तर एखादं सीट कव्हर, नाहीतर विम्यात थोडी सवलत पदरात पाडून घेतो. पण तीच मोटार जुनी झाली आणि मालकानं ती परस्पर विकायला काढली, की दोन अनोळखी माणसं समोरासमोर उभी राहतात. एकाला गाडीची सगळी दुखणी ठाऊक असतात. दुसरा टायरला पाय लावून बघतो, बॉनेट उघडून जाणकारासारखी मान हलवतो आणि मनातल्या मनात घाबरलेला असतो. तरीही दोघांना मिळून एका आकड्यावर यायचं असतं.

श्रोतेहो, हा आकडा येतो कुठून, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. तो सांगताना मी उदाहरण घेणार आहे ते स्पोर्ट्स कारचं. आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात अशी गाडी उभी असेल, हे मला माहीत आहे. पण साध्या गाडीच्या व्यवहारात जे थोडंसं दिसतं, ते या गाड्यांच्या व्यवहारात भिंगाखाली धरल्यासारखं मोठं होऊन दिसतं.

सुरुवात अमेरिकेतून करू. पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरोघरी मोटारी आल्या आणि पाठोपाठ जुन्या मोटारींचा बाजारही आला. लॉस एंजेलिसमध्ये लेस केली नावाचा एक विक्रेता होता. आपल्याला कोणत्या गाड्या हव्या आहेत आणि त्यांना आपण काय भाव देऊ, याची यादी तो इतर विक्रेत्यांना आणि बँकांना पाठवत असे. लोक ती यादी भावासाठी प्रमाण मानू लागले. मग १९२६ साली केलीनं तिचं पुस्तकच काढलं. हेच ते प्रसिद्ध ‘केली ब्लू बुक’. इंग्लंडमध्ये १९३३ साली ‘ग्लासेस गाइड’ निघालं. अमुक कंपनीची, अमुक सालची गाडी असेल तर अमुक भाव, असं कोष्टक विक्रेत्यांच्या हाती आलं.

पण कोष्टक म्हणजे सरासरी. ज्या गाड्या हजारोंनी बनतात आणि साधारण सारख्याच वापरल्या जातात, त्यांना सरासरी लागू पडते. स्पोर्ट्स कारचं तसं नसतं. एक मालक ती रविवारीच बाहेर काढतो, तर दुसरा तिला शर्यतीत पिळून काढतो. कुणी इंजिन बदलतं, कुणी अपघातानंतर पुढचा भाग नवा बसवतं. वरून रंग चकचकीत दिला, की दोन्ही गाड्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. आत काय आहे ते विकणाऱ्यालाच माहीत.

या ‘विकणाऱ्यालाच माहीत’ गोष्टीचा विचार ज्यानं शास्त्रीय पद्धतीनं केला, तो अर्थशास्त्रज्ञ म्हणजे जॉर्ज अकेरलॉफ. १९६६-६७ च्या सुमारास तो बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नवखा प्राध्यापक होता. तेव्हा त्यानं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. अमेरिकेत सतत बिघडणाऱ्या फसव्या गाडीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात. निबंधाच्या नावातच हे लिंबू होतं. दोन नामांकित नियतकालिकांनी विषय क्षुल्लक म्हणून निबंध परत पाठवला. तिसऱ्याचं म्हणणं असं, की हे जर खरं असेल तर अर्थशास्त्रच वेगळं असायला हवं! अखेर १९७० साली चौथ्या नियतकालिकानं तो छापला. २००१ साली अकेरलॉफला मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

त्याचं म्हणणं सोपं आहे. समजा, बाजारात शंभर जुन्या गाड्या आहेत. पन्नास चांगल्या, दोन लाखांच्या. पन्नास खराब, एक लाखाच्या. कोणती कशी, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. मग तो मधला भाव बोलतो, दीड लाख. या भावात खराब गाडीवाला खुशीनं विकतो, पण चांगल्या गाडीवाला गाडी घरी नेतो. गिऱ्हाइकाला अनुभव येतो, की बाजारात येतात त्या बहुतेक गाड्या खराबच. तो भाव आणखी खाली आणतो. शेवटी बाजारात उरतात ती फक्त लिंबं. इथे फसवणाऱ्यामुळे नुकसान होतं ते फक्त फसलेल्या माणसाचं नव्हे. ज्यानं गाडी जिवापाड सांभाळली, त्या प्रामाणिक विक्रेत्यालाही त्याची शिक्षा भोगावी लागते. त्याच्या सचोटीला गिऱ्हाईकच मिळत नाही.

या निबंधाचा आपल्या देशाशीही संबंध आहे. १९६७-६८ मध्ये अकेरलॉफ दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये वर्षभर राहिला. निबंधात खेड्यातल्या सावकारी व्याजाचं उदाहरण आहे आणि तांदळाचंही आहे. तांदळाच्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे दुकानदार मुद्दाम मिसळतात आणि घरोघरच्या बायका ते निवडत बसतात, हे त्यानं नोंदवलं आहे. अमेरिकन मोटार आणि आपल्या घरातलं सूप यांना त्यानं एकाच सूत्रात ओवलं. सूप घेऊन बसलेल्या बाईचा जो वेळ जातो, तीही त्या तांदळाची किंमतच आहे.

आता स्पोर्ट्स कारकडे येऊ. इटलीच्या फेरारी कंपनीनं १९६२ ते १९६४ या काळात ‘२५० जीटीओ’ नावाची शर्यतीची गाडी बनवली. फक्त ३६ गाड्या निघाल्या. अमेरिकेत नव्या गाडीची किंमत सुमारे १८ हजार डॉलर होती. पैसे असले तरी गाडी मिळेलच असं नव्हतं. गिऱ्हाइकाला आधी मालक एन्झो फेरारी आणि त्यांचा अमेरिकेतला विक्रेता लुइजी किनेटी यांची पसंती लागे.

दोन-तीन वर्षांत शर्यतीत नव्या गाड्या आल्या आणि जीटीओ जुनाट ठरली. १९६० च्या दशकाच्या अखेरीला ती दहा हजार डॉलरला, कधी त्याहूनही कमी भावात मिळे. एक गाडी तर टेक्सासमधल्या एका शाळेला देणगी म्हणून मिळाली होती. मुलं तिच्यावर दुरुस्तीकाम शिकत. १९७२ साली शाळेनं ती साडेसहा हजार डॉलरला विकली. पुढे ओहायो राज्यात ती उघड्यावर, ट्रेलरवर वर्षानुवर्षं ऊन-पावसात उभी होती. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचा ढोलवादक निक मेसन यानं १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशी एक गाडी सुमारे ३७ हजार पौंडांना घेतली, तेव्हा ती रक्कम भरमसाट वाटली होती.

मग वारं फिरलं. १९८० च्या दशकात पैसेवाले लोक गुंतवणूक म्हणून जुन्या मोटारी घेऊ लागले. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारले आणि भाव भडकले. दशकाच्या अखेरीला जीटीओचा भाव एक कोटी डॉलरांच्या वर गेला. त्यानंतर जपानमधला फुगा फुटला, मंदी आली, आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला हीच गाडी त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात मिळू लागली. पुढे पुन्हा चढण. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे इथल्या लिलावात एक जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. पत्रा तोच, इंजिन तेच. बदलली ती माणसांची नजर.

जुनं झालं की भाव उतरतो, हा काही निसर्गनियम नाही, हे आपल्याकडच्या ज्येष्ठ श्रोत्यांना सांगायला नको. परवाना राजवटीत फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. तेव्हा नुकतीच हाती आलेली गाडी कंपनीच्या किमतीपेक्षा जास्त भावात विकली जायची. त्या वरच्या रकमेला मुंबईत ‘ऑन’ म्हणत. तिथे टंचाई सरकारी धोरणानं आली होती, जीटीओच्या बाबतीत ती इतिहासानं आली.

पण टंचाई आली की नक्कल येते, आणि इथेच किमतीचा खरा प्रश्न उभा राहतो. लाखो डॉलर मोजायचे, तर ही गाडी ‘तीच’ आहे कशावरून? या प्रश्नावर लंडनच्या न्यायालयात १९९० साली एक गाजलेला खटला झाला. बेंटले कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या गाडीनं १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला आणि चालक क्लाइव्ह डनफी मृत्युमुखी पडला. पुढे गाडी दुरुस्त झाली, तिचा सांगाडा बदलला, रूप पालटलं. १९९० मध्ये तिच्या मालकानं एका कंपनीशी खासगी सौदा केला. किंमत ठरली एक कोटी पौंड. काही रोख, काही इतर मोटारींच्या रूपानं. नंतर घेणारी कंपनी म्हणाली, ही ती गाडी नव्हेच. आम्ही पैसे देणार नाही.

न्यायमूर्ती ऑटन यांनी नट-बोल्टपर्यंत साक्षी ऐकल्या. १९२९ सालच्या गाडीतलं खात्रीनं दाखवता येईल असं जवळजवळ काहीच उरलेलं नव्हतं. १९३० च्या गाडीतलं गिअरबॉक्सचं कवच, स्टिअरिंगचा दांडा अशा मोजक्या वस्तू होत्या. तरीही निकाल मालकाच्या बाजूनं लागला. न्यायमूर्तींचा मुद्दा असा होता : ही गाडी कारखान्यातून निघाली तशी ‘मूळ’ नाही, हे खरं, पण तिची वाटचाल कुठेही तुटलेली नाही. प्रत्येक बदल नोंदलेला आहे आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. म्हणून ती अस्सल आहे. कंपनीला सौदा पाळावा लागला.

आपल्याला हे पटायला जड जाऊ नये. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होतो. सभामंडप नवा, कळस नवा, कधी गाभाऱ्याचे दगडही नवे. तरी गाव त्याला नवं देऊळ म्हणत नाही, कारण पूजा एक दिवसही खंडलेली नसते. त्या निकालानं एक गोष्ट लख्ख झाली. एक कोटी पौंड धातूसाठी नव्हते. ते न तुटलेल्या हकिकतीसाठी होते, आणि ती हकिकत सिद्ध करणाऱ्या कागदांसाठी.

म्हणूनच आज जुन्या स्पोर्ट्स कारचा सौदा होताना आधी फाइल उघडली जाते, मग बॉनेट. चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, कारखान्याची नोंद, प्रत्येक मालकाचं नाव, दुरुस्तीच्या पावत्या, जुनी छायाचित्रं. इंजिन मूळचंच असेल तर एक भाव, बदललेलं असेल तर दुसरा. हौशी मंडळांनी एकेका गाडीची वंशावळ लिहून ठेवली आहे. अकेरलॉफनं ज्या अज्ञानाचा प्रश्न मांडला, त्यावर या बाजारानं शोधलेलं हे उत्तर आहे.

तरी एक अडचण राहतेच. लिलावाचा आकडा जगजाहीर असतो. खासगी विक्रीचा आकडा कानोकानी फिरतो. २०१८ सालीच एक जीटीओ परस्पर सात कोटी डॉलरला विकली गेल्याच्या बातम्या आल्या. पण हा आकडा कुणी हातोडा आपटून जाहीर केलेला नव्हता. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरतो आणि शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही, तसंच हे. फरक इतकाच, की कानावर आलेला आकडा पुढच्या विकणाऱ्याची अपेक्षा होऊन बसतो.

सचिन तेंडुलकरची फेरारी आठवत असेलच. डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ साली त्याला ‘३६० मोडेना’ भेट मिळाली. २००३ मध्ये आयात शुल्काच्या माफीवरून वाद झाला आणि शेवटी ते शुल्क फियाट कंपनीनं भरलं. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकानं घेतली. सौदा खासगी होता. त्या सालची, तितकीच चाललेली दुसरी मोडेना शेजारी ठेवली, तर यंत्र म्हणून दोन्ही सारख्या. पण एकीच्या कागदावर पहिला मालक म्हणून जे नाव आहे, त्याला कुठल्या कोष्टकात रकाना नाही.

कायद्यानं या बाबतीत थोडीफार मदत केली आहे. मीटर मागे फिरवणं अमेरिकेत १९७२ च्या केंद्रीय कायद्यानं बेकायदा ठरलं. १९८५ पासून तिथल्या विक्रेत्यांना प्रत्येक जुन्या गाडीवर माहितीचा कागद लावावा लागतो. पण हा नियम धंदा करणाऱ्यांना आहे. दोन व्यक्तींमधल्या खासगी सौद्याला नाही. इंग्लंडच्या कायद्यातही खासगी विक्रेता गाडीच्या दर्जाची हमी देत नाही. मात्र त्यानं गाडीचं जे वर्णन केलं असेल, ते खरं असायला हवं. म्हणजे शेवटी व्यवहार उभा राहतो तो बोललेल्या शब्दावर आणि त्याला दुजोरा देणाऱ्या कागदावर.

श्रोतेहो, यातून आपण घ्यायचं ते साधंच आहे. गाडी फेरारी असो की बारा वर्षांची मारुती, घेणारा पैसे मोजतो ते निम्मे यंत्राचे आणि निम्मे त्याच्या मनातली शंका फिटण्याचे. जो विक्रेता पावत्या जपतो, झालेला अपघात स्वतःहून सांगतो आणि गाडी परक्या मेकॅनिककडून तपासून घ्या म्हणतो, तो भोळा नव्हे. आपली गाडी लिंबांच्या राशीतून बाजूला काढण्याचा तोच एक मार्ग त्याच्या हाती असतो. जुन्या गाडीचा भाव विकण्याच्या दिवशी बोलला जातो खरा, पण तो ठरायला सुरुवात होते ती गाडी घरी आणल्याच्या दिवसापासून, प्रत्येक पावती कपाटात ठेवताना.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)